फाटकाबाहेरचं मीटर

आमच्यात माणूस गेला की माईक लागतो. रेल्वेच्या नि कारखान्यांच्या नोकऱ्यांपायी विदर्भातून रायपूरला आलेली आम्ही बौद्ध मंडळी. पुण्यानुमोदनाला दारापुढे मंडप पडतो, भंतेजी सूत्रपठण करतात, आणि ते आटोपलं की माईक फिरू लागतो. गेलेल्याविषयी ज्याला जे सांगायचं असेल ते त्याने सांगावं. शेजारी बोलतात, ऑफिसातले साहेब बोलतात, आणि ज्याने गेलेल्याला आयुष्यात धड ओळखलं नाही तो सगळ्यांत जास्त वेळ बोलतो. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. दुःखाने आधीच कान बंद झालेले असतात, त्यात तो कर्कश भोंगा.

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा बाबांनी माईक घेतला. छत्तीसगड हे नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. दादा वीज खात्यात मीटर तपासायच्या विभागात होता. त्या उन्हाळ्यात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, काविळीची साथ आली. नळाचे पाईप नालीतून गेलेले, कुठेतरी फुटलेले. ते पाणी आम्ही सगळेच प्यायलो, गेला मात्र तो एकटा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, चार माणसांत कधी तोंड न उघडणारे. त्या दिवशी मंडपात उभे राहिले आणि म्हणाले, “माह्या पोराले लय सुचे.”

हे मात्र खरं होतं. दादाला सारखं काहीतरी सुचायचं. रेशनच्या दुकानात आज काय आलं याची पाटी दुकानावर नको, बसथांब्यावर लावा, म्हणजे दुकानदाराला ती गुपचूप पुसता येणार नाही. असलं काही ना काही. जेवता जेवता घास हातात धरून तो बोलत राहायचा, भाजी गार व्हायची आणि आई वैतागायची. मी त्याला ‘आले सुचलेले साहेब’ म्हणून चिडवायची. तोही हसायचा आणि पुढचं सुचलेलं सांगायचा.

त्याचं सगळ्यांत लाडकं सुचणं धुळीचं होतं. आमचं घर भनपुरीच्या अंगाला. पलीकडे सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने. वारा तिकडचा असला की गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर दुपारपर्यंत करडी व्हायची, आणि घरात अनवाणी फिरलं तर तळवे काळे. दादाचं म्हणणं असं : चिमणीत धूळ पकडायचं यंत्र असतं. ते वीज फार खातं, म्हणून काही मालक ते बंद ठेवतात आणि तपासणीचा साहेब आला की तेवढ्यापुरतं चालू करतात. मग साहेब कशाला पाहिजे? त्या यंत्राला वेगळं मीटर द्या आणि ते मीटर फाटकाबाहेर, रस्त्यावर लावा. त्याचं चाक फिरतंय की थांबलंय, हे समोरच्या पानठेल्यावरचा माणूसही सांगेल.

हे तो ज्याला त्याला एकाच पद्धतीने समजावायचा. “घराले कुलूप हाय. आत फ्रिज चालू हाय का बंद, तुले पाहाचं हाय. तर कुलूप काहून तोडून राहिला बे? मीटर पाय ना!” ‘मीटर’ म्हणायच्या आधी तो थोडा थांबायचा, आणि उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायचा, मीटरचं चाक फिरतं तसं.

बाबांनी त्या दिवशी हे सगळं जसंच्या तसं माईकवर सांगितलं. कुलूप, फ्रिज, मधलं थांबणंसुद्धा. फक्त बोट तेवढं त्यांना फिरवता आलं नाही, दोन्ही हातांनी माईक धरला होता. पुढच्या रांगेत समाजातली जाणती माणसं बसली होती. त्यांत एक वकीलबाई होत्या आणि कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक होते. वकीलबाईंनी डोळे पुसले. प्राध्यापकांनी बाबांनंतर उठून फार सुंदर श्रद्धांजली वाहिली. काय म्हणाले ते मला आठवत नाही.

मग नव्या राज्याची पहिली निवडणूक आली. अवघं रायपूर राजधानी होण्याच्या गडबडीत होतं. शहरातल्या जुन्या मोठ्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसवलं होतं आणि मी तिथे एका खात्यात बाबूगिरी करत होते. आमच्या टेबलांच्या जागी कधीकाळी खाटा होत्या. लोक म्हणायचे, संध्याकाळी तिथे फिनेलचा वास येतो. मला तो भर दुपारी यायचा, पण मी कुणाला सांगितलं नाही. असलं आधीच माझ्या घरी पुरेसं होतं. आई सकाळी गच्चीवरून खाली यायची आणि हळूच म्हणायची, “वर पावलं हायत.” काळ्या धुळीत खरंच पावलं उमटलेली असायची. ती बाबांची होती. दादा जसा सकाळी वर जाऊन चिमण्यांचा धूर पाहायचा तसे आता ते जात, आणि बापलेकांचे पाय एकाच मापाचे होते. हे आईलाही ठाऊक होतं. तरी ती सांगायची आणि मीही दर वेळी वर जाऊन पाहायचीच.

अशात एका दुपारी गल्लीतून प्रचाराची रिक्षा गेली. सुट्टीचा दिवस होता. आई कणीक मळत होती, बाबा पेपर घेऊन पडले होते. आधी गाण्याची चाल वाजली, मग भोंग्यातून कुणा भाड्याच्या माणसाचा खणखणीत आवाज आला : “घर में ताला लगा है. अंदर फ्रिज चालू है कि बंद, देखना है. तो ताला क्यों तोड़ते हो भैया? ... मीटर देखो!”

मधे तो थांबला. बरोब्बर तेवढाच.

आई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. बाबांच्या तोंडावरचा पेपर तसाच होता, हलला नाही. रिक्षा कोपऱ्यावर वळली, मागच्या गल्लीत शिरली आणि तेच बोलणं आता न्हाणीघराच्या खिडकीतून ऐकू आलं, थोडं लांबून. मग आणखी लांबून, नाल्यापलीकडून. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकला असता तर मी इतकी घाबरले नसते. हा आवाज दुसऱ्याच कुणाचा होता आणि बोलत दादा होता.

“हे तं आपल्या पोट्ट्याचं हाय,” आई म्हणाली.

रिक्षा वकीलबाईंची होती. त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. चार-पाच दिवसांनी प्राध्यापकांची जीप आली. तेही उभे होते. त्यांच्या भोंग्यातही कुलूप होतं आणि मीटर होतं, फक्त फ्रिजच्या जागी कूलर होता. मला अशा प्रसंगी हसू यायला नको होतं, पण आलं. एवढा शिकलेला माणूस आणि स्वतःचं म्हणून त्याने घातलं काय, तर कूलर!

बाबांना हसू आलं नाही. त्यांनी दोघांची पत्रकं मिळवली आणि माझ्यापुढे ठेवली. “तू सरकारी कागद वाचतं. दोघायचं नीट पाहून सांग मले. कोणाचं स्वतःचं काय हाय अन् कोणाचं उसनं काय हाय.”

मी शाळामास्तरणीसारखी लाल पेन घेऊन बसले. दोघं आपलीच माणसं, दोघं पुरोगामी, दोघांचीही मोठ्या पक्षांत डाळ शिजलेली नव्हती. मला दोघांबद्दल आदर होता, हे खोटं सांगत नाही. वकीलबाईंनी छळलेल्या बायकांचे खटले फुकट लढवले होते. प्राध्यापकांनी किती पोरांना घरी ठेवून शिकवलं होतं. पण पत्रकं वाचता वाचता माझा जीव उबगला. समता, न्याय, शेवटचा माणूस. एकाच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर ओळ उचलून ठेवली असती तर त्यांना स्वतःलाही कळलं नसतं. प्राध्यापकांच्या पत्रकात तर किनारपट्टीवरच्या कोळी बांधवांसाठी बोटी आणि शीतगृहं होती. छत्तीसगडला समुद्र कुठून आणणार होते कोण जाणे. वकीलबाईंच्या पत्रकात समुद्र नव्हता, एवढाच त्यांचा वरचष्मा. बायकांच्या पोलीस ठाण्याबद्दल त्यांनी लिहिलेलं बरं होतं, पण तेही मी आधी कुठेतरी वाचलेलं होतं.

दोन्ही पत्रकांत खरोखर नवं, कुणालाही न सुचलेलं असं एकच होतं. फाटकाबाहेरचं मीटर. प्राध्यापकांनी त्याला ‘आमची मौलिक संकल्पना’ म्हटलं होतं. वकीलबाईंनी त्याच्याभोवती चौकट काढली होती.

“चोर आहेत दोघं,” मी म्हणाले.

“चोर नाही म्हणाचं,” बाबा म्हणाले. “मी माईकवर सांगितलं. लोकायनं ऐकाव म्हणूनच सांगितलं. त्यायनं ऐकलं.” मग बराच वेळ ते पत्रकाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. “फक्त एक डाव कोणीतरी म्हणावं. अमक्याच्या पोराचं हाय म्हणून. माईकवर. बस.”

त्यांची मागणी एवढीच होती. त्यांना मत नको होतं, मीटरही नको होतं. पोराचं सुचणं पोराच्या नावावर एकदा ऐकायचं होतं. त्यांच्या वयाच्या माणसाला याहून जास्त काही मागताच येत नाही असं मला तेव्हा वाटलं, आणि मला दोघा उमेदवारांचा भयंकर राग आला.

वकीलबाई घरी आल्या. घरोघर जातच होत्या, तशा आमच्याकडेही आल्या. बरोबरची माणसं बाहेर थांबली आणि त्या आत खुर्चीवर बसल्या. समोरच्या भिंतीवर दादाचा फोटो होता. त्यांनी फोटोकडे पाहिलं, फोटोखालच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चहाचा कप हातात घेतला. मला वाटलं, आता ओळखतील. आता म्हणतील.

“काकाजी, या धुळीवर मी उपाय काढलाय,” त्या म्हणाल्या. “अगदी सोपा आहे. आपल्या घराला समजा कुलूप आहे...”

त्यांनी पूर्ण सांगितलं. मनापासून, समोरच्याला पटावं म्हणून थोडं पुढे वाकून. आणि ‘मीटर’ म्हणायच्या आधी त्या थांबल्या आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं.

बाबांनी मंडपात बोट फिरवलंच नव्हतं, मग हे यांच्याकडे आलं कुठून? दादानेच कधी त्यांना सांगितलं असेल. वीज खात्यात बिल भरायला आल्या असतील, रांगेत उभ्या असतील, आणि हा बडबड्या माणूस ज्याला त्याला सांगतच सुटायचा. एवढा साधा उलगडा होता, पण तो मला त्या वेळी सुचला नाही. त्या वेळी मला फक्त त्याचं बोट दिसलं, परक्या बाईच्या हाताला लागलेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत लबाडीचा मागमूस नव्हता. हे आपलंच आहे असं तिला खरोखर वाटत होतं. त्याचं सुचलेलं राहिलं होतं आणि त्यातून तो स्वच्छ पुसला गेला होता.

बाबांनी दोनदा घसा खाकरला. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते म्हणाले, “चांगला इचार हाय, ताई.”

आईची नजर त्या बोटावरून हटली नव्हती. वकीलबाई गेल्यावर मी ताडताड बोलायला लागले, तर आई रिकामा कप उचलत म्हणाली, “आणखी थोडी बसली असती तं.”

मग विहारात सभा ठरली. आमच्या इथे उमेदवार आपला असला की रविवारच्या वंदनेनंतर त्याला बोलावून प्रश्न विचारायची रीत आहे. या वेळी दोघांना एकत्र बोलावलं, कारण समाजाची मतं फुटली तर दोघंही पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. कुणा एकाला पाठिंबा द्यायचा होता. पहिला प्रश्न ज्येष्ठ म्हणून बाबांनी विचारायचा होता.

बाबांनी प्रश्नाची तालीम केली. दाढी करताना, चप्पल घालताना ते पुटपुटायचे, “हा इचार तुमाले कुठून सुचला?” आरोप वाटू नये, पण उत्तर टाळता येऊ नये. कधी ‘कुठून’च्या जागी ‘कसा’ घालून पाहायचे आणि मला विचारायचे, कोणतं बरं. मी म्हणायची, सरळ सांगा ना, माझ्या पोराचं आहे म्हणून. ते मान हलवायचे. “आपण सांगतलं तं आपण मागतलं. त्यायनं सांगाव.”

रविवारी वंदना झाली. सतरंजीवर एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष. पुढे दोन खुर्च्यांवर दोघं. प्राध्यापकांनी आधी सुरुवात केली. शिक्षण, रोजगार असं करत ते कूलरपाशी आले, आणि वकीलबाईंचा चेहरा बदलला.

“सर, माफ करा,” त्या म्हणाल्या, “पण हे माझ्या पत्रकात तुमच्या आधीपासून आहे.”

“ताई, हे मी वर्गात शिकवतो आहे.”

“कधीपासून?”

“तुम्ही निवडणुकीचा विचारही केला नव्हता तेव्हापासून.”

पुढे चांगलीच जुंपली. प्राध्यापकांच्या माणसांनी वकीलबाईंच्या माणसांना नकलाकार म्हटलं, वकीलबाईंच्या माणसांनी समुद्रातल्या बोटींचा विषय काढला, सगळे हसले. भंतेजींनी हात वर करून शांत केलं. तेव्हा प्राध्यापकांनीच माईक बाबांकडे पाठवला. “काकाजी जाणते आहेत. आता काकाजींनीच निवाडा करावा. हा विचार पहिल्यांदा तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकला?”

बाबांची सगळी तालीम वाया गेली. ज्या प्रश्नाची त्यांनी इतकी मशागत केली होती तो प्रश्न आता त्यांनाच विचारला गेला होता. ते उभे राहिले. माईक दोन्ही हातांत धरला. भोंग्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, आख्ख्या पाऱ्यावर. मी मनात ओरडत होते, सांगा, सांगून टाका. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना दादाच्या तोंडून ऐकलेलं खरोखर ऐकू आलं असावं, आणि ते ऐकू येत असताना बोलायचं कसं हे त्यांना कळेना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आई उठली. सभेत बोलणं तिला माहीत नव्हतं. पदर सावरत ती उभी राहिली आणि माईकशिवायच बोलली.

“थे मीटर ज्याचं असन त्याचं असू द्या,” ती म्हणाली. “माहा पोट्टा धुळीनं नाही मेला. कावीळ झाली त्याले. नळाच्या पाण्यानं. त्या पाण्याचं तुमच्या दोघायपाशी काय हाय?”

दोघांनी पत्रकांकडे पाहिलं. मी ती इतक्यांदा वाचली होती की मला पाहायची गरज नव्हती. शुद्ध पेयजल, सर्वांना. दोन्हीकडे तेवढंच होतं. पाईप नालीतून जातात त्याचं काय करायचं, फुटला हे माणूस मरायच्या आधी कसं कळायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

वकीलबाई खुर्चीतून उठून आईजवळ आल्या. त्या चांगल्या बाई होत्या, हे मी आजही म्हणेन. त्यांनी आईचा हात धरला. “मावशी, खरंच सांगते, माझ्याकडे नाही. तुम्हीच सांगा, काय करायला पाहिजे?”

आईने थोडा विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, ते तिच्या कपाळावर दिसत होतं.

“मले काय सुचते बाई,” ती म्हणाली. “आमच्या घरात ज्याले सुचे, थो गेला.”

वकीलबाईंनी आईकडे पाहिलं, मग माईक धरून उभ्या असलेल्या बाबांकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांना काय आठवलं, मंडप की वीज खात्यातली रांग, की काहीच नाही, ते मला सांगता येणार नाही. बाबांनी माईक खाली ठेवला आणि ते पुरुषांच्या रांगेत जाऊन बसले. पाठिंबा कुणाला द्यायचा हे त्या दिवशी ठरलंच नाही.

मतं फुटली आणि दोघंही पडले. रिक्षा बंद झाल्या, जीप बंद झाली, गल्ली एकदम मुकी झाली. दुपारी कणीक मळताना आईचा हात मधेच थांबायचा. बाबांनी मीटरचं नाव पुन्हा काढलं नाही. कुणी म्हणावं ही त्यांची इच्छा त्या रविवारीच संपली होती. तिच्या जागी दुसरंच काही आलं.

एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना त्यांनी विचारलं, “थो असता तं पाण्याचं काय म्हणला असता?”

आम्ही तिघांनी विचार केला. मी म्हणाले, नळाच्या तोंडाशी काहीतरी लावायला सांगितलं असतं. काय, ते मला सांगता येईना. बाबा म्हणाले, पाईपाले रंग. मग तेच म्हणाले, नाही, हे त्याचं वाटत नाही. आई म्हणाली, थो आधी कुलपाचं सांगे, तसं काही सांगतलं असतं. “घराले कुलूप हाय,” तिने सुरुवात केली, त्याच्याच आवाजात, त्याच्यासारखीच मान तिरकी करून, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की आता येईल. बाबांनी घास खाली ठेवला.

आई थांबली. तेवढाच वेळ थांबली. मग तिने आमच्याकडे पाहिलं, आणि पुढे काय ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.